शेते गेली, शेतांची नावे उरली
ऑस्लो शहराच्या कडेच्या ग्रोरुड खोऱ्याची हकिगत



नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश आणि ऑस्लो ही त्याची राजधानी. या शहराच्या मध्यावरून ईशान्येकडे जाणाऱ्या भुयारी रेल्वेत बसले, की अर्ध्या तासाच्या आत एकामागून एक स्थानके येतात. लिंडेरुड, वेटवेट, रॉटवेट, कालबाक्केन, अम्मेरुड, ग्रोरुड, रोमसोस, रोम्मेन, स्तोवनेर आणि शेवटी वेस्टली. ही गाडी बराचसा प्रवास जमिनीवरूनच करते. बाहेर उंच इमारती, दुकाने, शाळा आणि मोटारींनी भरलेले रस्ते दिसतात. नांगराचे तास कोठेच दिसत नाही.

पण ही नावे जरा थांबून ऐकावीत. यांतली बहुतेक नावे शेतांची आहेत. फार लांबची गोष्ट नाही, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत या खोऱ्यात ओट, बार्ली, बटाटा आणि गवत पिकत होते आणि येथील दूध राजधानीत जात होते. त्यानंतर तीसएक वर्षांत सारे शिवार इमारतींखाली गेले. आज ग्रोरुड, स्तोवनेर, आल्ना आणि ब्यर्के अशा चार प्रभागांत मिळून दीड लाखाच्या घरात माणसे राहतात. शेतांची नावे मात्र स्थानकांच्या पाट्यांवर राहिली.

शहराच्या कडेला ज्यांची जमीन आहे, त्यांनी ही हकिगत समजून घेण्यासारखी आहे. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

नावातच शेती

नॉर्वेत आपल्यासारखे दाट गावठाण नसते. एक कुटुंब, त्याचे घर, गोठा, कोठार आणि सभोवती त्याची जमीन असा एकेक मळा सुटा असतो. अशा प्रत्येक मळ्याला स्वतःचे नाव असते आणि ते नाव शेकडो वर्षे टिकते. मालक बदलला तरी मळ्याचे नाव बदलत नाही.

या नावांचा अर्थ पाहिला, की जमीन कशी तयार झाली ते कळते. ‘रुड’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. ग्रोरुड, अम्मेरुड, लिंडेरुड, हाउगेरुड ही सारी अशी रान मोडून केलेली शेते. ‘ट्वेट’ याचाही अर्थ रानातून काढलेला तुकडा असाच आहे; त्यावरून वेटवेट आणि रॉटवेट. ‘ब्रोते’ म्हणजे झाडझाडोरा जाळून केलेले शेत. आपल्या डोंगराळ भागात राब भाजत, तसाच हा प्रकार, त्यावरून होयब्रोतेन. फुरुसेट हे नाव पाइनच्या झाडावरून आले आणि ब्यर्के बर्चच्या झाडावरून. आपल्याकडे वडगाव, बोरगाव, पिंपळगाव म्हणतात ना, तसेच.

माणसांची नावेही मळ्यावरूनच पडत. कुटुंब ज्या मळ्यावर नांदे, त्याचे नाव माणसाच्या नावापुढे लागे. तो मळा सोडून दुसऱ्या मळ्यावर राहायला गेला, की पुष्कळदा त्याचे हे नावही बदले. पुढे १९२३ च्या कायद्याने कायमची आडनावे ठरली, तेव्हा असंख्य कुटुंबांनी आपल्या मळ्याचेच नाव आडनाव म्हणून धरले. म्हणून नॉर्वेत आजही मळ्याच्या नावाची आडनावे घेऊन लोक शहरांत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत वावरताना दिसतात.

समुद्रतळाची माती

कोठल्याही भागाची माहिती घेताना शेतीखात्यातला माणूस आधी माती पाहतो. ग्रोरुडच्या खोऱ्याची माती मुळात समुद्रतळाची आहे.

फार पूर्वी हिमयुगात या देशावर बर्फाचा प्रचंड थर होता. त्याच्या वजनाने जमीन खाली दबली होती. सुमारे १० ते ११ हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून मागे हटला, तेव्हा या दबलेल्या भागात समुद्र शिरला. ऑस्लोच्या परिसरात आजच्या पातळीपेक्षा सुमारे २२० मीटर उंचीपर्यंत पाणी होते. बर्फाखालून वाहत आलेला बारीक गाळ या पाण्याच्या तळाशी बसत गेला. पुढे वजन उतरल्याने जमीन हळूहळू वर आली, समुद्र मागे सरला आणि गाळाची चिकण माती उघडी पडली. खोऱ्यातील शेती झाली ती या मातीवर. दोन्ही अंगांना डोंगर आणि दाट जंगल. तेथे खडकावर मातीचा पातळ थर.

चिकण मातीचे गुणदोष तुम्हाला सांगायला नकोत. अन्न धरून ठेवते, पाणी धरून ठेवते, पण निचरा नसला तर पीक बसवते. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून पाणी बाहेर काढले. वसंतात बर्फ वितळल्यावर जमीन चिखलासारखी होते. वाफसा येईपर्यंत थांबावे लागते आणि एकदा वाफसा आला, की एक दिवस वाया घालवून चालत नाही. कारण पिकाचा हंगाम मेपासून सप्टेंबरपर्यंत, एवढाच. जूनमध्ये दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो, त्यामुळे पीक झपाट्याने वाढते. डिसेंबरात तोच दिवस सहा तासांवर येतो.

सबंध नॉर्वेच्या भूभागापैकी लागवडीची जमीन जेमतेम ३ टक्के आहे. बाकी सारा डोंगर, खडक, जंगल, दलदल आणि बर्फ. अशा देशात सपाट, मातीने भरलेले आणि राजधानीला लागून असलेले खोरे म्हणजे केवढे धन, याचा विचार करावा. सुपीक मातीच्या वरच्या थराला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ ‘अन्नमाती’ असा होतो.

गोठा, गवत आणि दूध

या हवामानात गुरांना वर्षातले कित्येक महिने गोठ्यातच ठेवावे लागते. म्हणून गवताला धान्याइतकाच मान. उन्हाळ्यात गवत कापून, खांब रोवून बांधलेल्या तारांवर ओळीने वाळत घालीत, म्हणजे खालून-वरून वारा लागे आणि पाऊस आला तरी गवत कुजत नसे. धान्याचे कोठार लाकडी आणि जमिनीपासून उंच, खांबांवर उभे केलेले. उंदीर-घुशींनी वर चढू नये ही त्यातली खुबी.

सगळेच काही जमीनमालक नव्हते. मोठ्या मळ्यांवर भूमिहीन कुळे असत. त्यांना राहायला एक लहानसे घर आणि कसायला जमिनीचा तुकडा मिळे आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतात ठरलेले दिवस राबावे लागे. त्या जुन्या दिवसांची आठवण काढताना हेही विसरू नये. शिवार सुंदर होते, पण त्यातले सगळे सुखी नव्हते.

१८५४ मध्ये नॉर्वेतली पहिली रेल्वे सुरू झाली, ती राजधानीहून आइड्सव्होल या गावापर्यंत आणि तीही याच खोऱ्यातून. राजधानीचे नाव तेव्हा ख्रिस्तियानिया होते. ग्रोरुडचे स्थानक त्याच वर्षी उघडले. रेल्वे आल्यावर खोऱ्याचे रूप पालटू लागले. ग्रोरुडच्या डोंगरात उत्तम दगड होता. तेथे खाणी निघाल्या, पाथरवटांची वस्ती वाढली. स्थानिक दगडात बांधलेले ग्रोरुडचे चर्च १९०२ पासून उभे आहे. हळूहळू कारखानेही आले. तरीही खोऱ्याचा मोठा भाग शेतीखालीच राहिला.

१९४८ साल आणि नंतर

ऑस्लो शहराभोवती आकेर नावाचा स्वतंत्र तालुक्यासारखा भाग होता. ग्रोरुडचे खोरे त्यात येई. १ जानेवारी १९४८ रोजी आकेर ऑस्लोत विलीन झाला. त्याआधी शहराचे क्षेत्र १७ चौरस किलोमीटरच्या आसपास होते, ते एका दिवसात सुमारे ४५० चौरस किलोमीटर झाले. कालपर्यंत जे शिवार होते, ते कागदोपत्री शहर झाले.

त्या वेळी ऑस्लोत घरांची फार टंचाई होती. युद्धाच्या काळात बांधकाम थांबलेले, खेड्यांतून माणसे येत होती, तरुण जोडपी आईबापांच्या एका खोलीत संसार करीत होती. पुष्कळ जुन्या चाळींत न्हाणीघर नव्हते आणि शौचकूप सामायिक. मग एकच मार्ग दिसला. आकेरच्या मोकळ्या जमिनींवर घरे बांधायची.

यासाठी जी व्यवस्था उभी राहिली ती सहकारी होती. १९२९ मध्ये स्थापन झालेली ओबोस ही घरबांधणीची सहकारी संस्था हे काम करण्यात पुढे होती. सामान्य माणसाने सभासद व्हायचे, बचत ठेवायची आणि सभासदत्वाच्या जुनेपणाप्रमाणे रांगेतून घर मिळवायचे. जमीन महापालिकेकडून येई. कर्ज देण्यासाठी सरकारने १९४६ मध्ये खास घरबांधणी बँक काढली होती. घरांच्या किमतींवर बरीच वर्षे नियंत्रण होते, त्यामुळे कामगाराला आणि कारकुनालाही घर परवडत असे.

१९५० च्या दशकात वेटवेटपासून सुरुवात झाली. मग अम्मेरुड, तेथून स्तोवनेर, रोमसोस आणि पुढे फुरुसेट. १९६६ मध्ये भुयारी रेल्वे ग्रोरुडपर्यंत आली, १९७४ मध्ये स्तोवनेरला आणि १९७५ मध्ये वेस्टलीला पोचली. रोमसोसचे स्थानक तर डोंगराचा खडक फोडून आत केले आहे. तेथील वस्ती एका लहानशा तळ्याभोवती वसवली असून मोटारींचा रस्ता बाहेरून नेला आहे, म्हणजे मुलांना घरापासून शाळेपर्यंत वाहन आडवे येत नाही.

या वस्त्यांना कोणी नुसती नावे ठेवू नयेत. ज्यांनी एका खोलीत चार मुले वाढवली, त्यांना येथे दोन-तीन खोल्या, गरम पाण्याचा नळ, सज्जा आणि दाराबाहेर झाडे मिळाली. माणसांची गरज खरी होती आणि ती या जमिनीने भागवली.

खोऱ्याने काय दिले

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

इमारती प्रामुख्याने खोऱ्याच्या दोन्ही उतारांवर चढल्या. तळाशी जी सपाट जमीन होती, तेथे रेल्वेचे रूळ, महामार्ग, गुदामे आणि कारखाने आले. नॉर्वेतले सर्वांत मोठे मालगाड्यांचे ठाणे याच खोऱ्यात आल्नाब्रू येथे आहे. देशभर जाणाऱ्या मालाची चढ-उतार येथे होते. त्याचा धूर आणि आवाज आजूबाजूच्या वस्त्यांना सोसावा लागतो.

आल्ना ही खोऱ्यातून वाहणारी, ऑस्लोतली सर्वांत लांब नदी. डोंगरातल्या तळ्यातून ती निघते आणि समुद्राच्या खाडीला मिळते. बांधकामे आणि रस्ते वाढत गेले तशी ती जागोजाग पाइपांत आणि बोगद्यांत कोंडली गेली. कारखान्यांचे व वस्त्यांचे घाण पाणी तिच्यात आले. ज्या पाण्यावर एकेकाळी गुरे जात, ते कित्येक ठिकाणी डोळ्यांनाही दिसेनासे झाले.

शेतजमिनीचे काय झाले, ते सांगायला एक वाक्य पुरे. दहा हजार वर्षांत तयार झालेला मातीचा थर एका पिढीत डांबर आणि काँक्रीटखाली गेला.

येथे कोणी विचारील, की शेतकऱ्याच्या हक्काचे काय झाले? नॉर्वेत ‘ओडेल’ नावाचा फार जुना हक्क आहे. वडिलार्जित मळा घराबाहेर विकला गेला, तर कुटुंबातल्या वारसाला तो ठरलेल्या मुदतीत किंमत देऊन परत घेता येतो. १८१४ च्या राज्यघटनेतच लिहिले आहे, की हा हक्क नाहीसा करता येणार नाही. १९७४ च्या कायद्याने त्यात एक चांगली सुधारणा झाली. १९६५ पासून पुढे जन्मलेल्यांत पहिला मान थोरल्या अपत्याचा, मग तो मुलगा असो वा मुलगी. हा हक्क घराण्याबाहेर जाणारा मळा राखतो. पण सार्वजनिक कामासाठी सक्तीने जमीन संपादन झाली, तर त्यापुढे तो चालत नाही. आणि शहर वाढवायचे ठरले, की आजूबाजूच्या जमिनीवर एकटादुकटा मळा फार काळ तग धरीत नाही. शेजारी इमारत, समोर महामार्ग अशा जागी गुरे कोठे न्यायची आणि गवत कोठे वाळवायचे?

शेतकऱ्यांच्या जागी शेतकरीच

या खोऱ्याच्या नशिबातला एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत कामगारांची गरज होती. तेव्हा पाकिस्तानातल्या पंजाबातून तरुण येऊ लागले. त्यांतले पुष्कळजण गुजरात जिल्हा आणि खारियाँ परिसरातल्या खेड्यांतले, शेतकरी घरांतले होते. १९७५ मध्ये सरकारने कामासाठी येणाऱ्यांना बंदी घातली. पण आलेली माणसे राहिली, त्यांनी बायकामुलांना आणले. सुरुवातीला ती शहराच्या मध्यातल्या जुन्या, स्वस्त घरांत राहत. पैसा जमल्यावर ग्रोरुडच्या खोऱ्यात मोठी घरे घेऊ लागली. पुढे श्रीलंकेतले तमिळ, व्हिएतनामी आणि सोमाली लोकही आले. आज खोऱ्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांचे मूळ परदेशात आहे. अम्मेरुडला तमिळ लोकांचे सुब्रह्मण्याचे, म्हणजे कार्तिकेयाचे मंदिर आहे आणि फुरुसेटला मोठी मशीद.

म्हणजे ज्या मळ्यांवरून नॉर्वेचे शेतकरी उठले, त्यांच्याच नावाच्या वस्त्यांत गहू-ऊस पिकवणाऱ्यांची मुले-नातवंडे राहायला आली. त्यांच्या पत्त्यावर ‘रान मोडून केलेले शेत’ असा अर्थ असलेले नाव असते.

मागे वळून पाहताना

खोरे फार दाबले गेले, हे सरकारला आणि महापालिकेला उमगले. २००७ पासून दोघांनी मिळून खोरे सुधारण्याची दहा वर्षांची योजना हाती घेतली आणि २०१७ पासून ती पुढे चालू ठेवली. आल्ना नदीच्या काठी ग्रोरुडला २०१३ मध्ये एक उद्यान झाले. त्याच वर्षी ब्यर्के प्रभागात पाइपात घातलेला होविन ओढा पुन्हा उघडा करून त्याच्या काठी हिरवळ केली. मुले आता तेथे पाण्यात पाय घालून बसतात.

थोडे मळेही वाचले आहेत. लिंडेरुडचा जुना वाडा व बाग आता संग्रहालय आहे आणि तेथे शेजारच्या इमारतींतले लोक भाजीपाला पिकवतात. स्तोवनेर प्रभागात फोसुम मळ्याची जुनी जागा मुलांसाठी व रहिवाशांसाठी राखली आहे. शहरातल्या मुलाला गाय-घोडा आणि मेंढी जवळून पाहायला मिळावी म्हणून असे मळे जपतात. ऑस्लोत बागेचा एक लहान तुकडा वापरायला मिळावा म्हणून लोक कित्येक वर्षे रांगेत थांबतात. ज्या शहराने एवढे शिवार बांधून काढले, तेथे आता चार वाफ्यांसाठी रांग आहे.

डोंगरावरचे जंगल मात्र त्यांनी नेटाने राखले. ऑस्लोभोवतीच्या या जंगलाला २००९ मध्ये खास कायद्याचे संरक्षण मिळाले आणि शहराची हद्द कोठे थांबायची ती रेघ पक्की झाली. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की खडकावरचे जंगल वाचले आणि खालची पिकाऊ माती गेली. जंगलात फिरायला जाणारे शहरी लोक पुष्कळ होते, त्यांनी जंगलासाठी आवाज उठवला. मातीसाठी बोलणारे शेतकरी थोडे आणि विखुरलेले होते.

आता सबंध देशाचे धोरण कडक होत आहे. १९९५ च्या जमीन कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय पिकाऊ जमीन दुसऱ्या कामाला लावता येत नाही. २०१५ मध्ये तेथील संसदेने ठरवले, की २०२० पर्यंत देशभरात मिळून वर्षाला सुमारे १,००० एकरांपेक्षा जास्त पिकाऊ जमीन बिगरशेती होऊ द्यायची नाही. पुढे २०२३ मध्ये हीच मर्यादा २०३० सालासाठी सुमारे ५०० एकरांवर आणली. काही ठिकाणी बांधकामाआधी वरचा सुपीक थर काढून दुसऱ्या शेतात नेऊन पसरतात. ही खटपट चांगली आहे; पण उचलून नेलेल्या मातीची घडण मोडते आणि ती पुन्हा बसायला वर्षे लागतात. ग्रोरुडच्या खोऱ्याला या नियमांचा उपयोग नाही. तेथली माती आधीच गेली.

आपल्यासाठी

घरे हवीत, रस्ते हवेत, कारखानेही हवेत. हे नाकारून चालणार नाही. ग्रोरुडच्या खोऱ्याकडून घ्यायचे ते एवढेच, की कोणती गोष्ट परत करता येते आणि कोणती येत नाही, हे आधी पाहावे. पाइपातला ओढा उघडा करता येतो. उद्यान करता येते, झाडे लावता येतात, रस्त्याचा आवाज भिंत बांधून कमी करता येतो. इमारतीखाली गेलेली काळी माती मात्र पैसा ओतूनही परत मिळत नाही.

म्हणून शहराची हद्द आपल्या बांधाजवळ येत असेल, तर घरात बसून चार गोष्टींचा विचार करावा. गावातली चांगली जमीन कोणती आणि मुरमाड, पडीक कोणती, याची यादी गावानेच करून ठेवावी. म्हणजे बांधकामासाठी जागा मागितली गेली, की आधी हलकी जमीन दाखवता येईल. विकास आराखडा जाहीर झाला, की तो मुदतीत वाचून हरकती लेखी द्याव्यात. ओढे-नाले नकाशावर दाखवले आहेत की नाही, ते स्वतः तपासावे. आणि विकण्याचा निर्णय एकट्याने, बाहेरच्या माणसाच्या घाईने घेऊ नये. घरातल्या बायकांना आणि मुलींनाही त्या बैठकीत बसवावे, कारण जमीन त्यांचीही आहे.